शॉवरचं कार्ट्रिज घरच्या घरी बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅनिटरी सामानाच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की रोज दोन-चार जण तरी मोबाइलवर फोटो दाखवत येतात, "हे असलं द्या." फोटोत असतं हँडल, आणि त्यांना हवं असतं हँडलच्या आतलं, पाणी सोडणारं-थांबवणारं कार्ट्रिज. बाकीचे प्रश्नही फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहून काढले आहेत.

शॉवर बंद केला तरी थेंब पडत राहतात. कार्ट्रिज गेलं असं समजायचं का?

लगेच नाही. डोक्यावरचा शॉवर मोठ्या पसरट ताटलीचा असेल तर बंद केल्यावरही त्याच्या पोटात पाणी उरतं आणि ते सावकाश गळत राहतं. मध्येच एकदम भसकन पडतं आणि थांबतं. तो बिघाड नाही. अर्ध्या तासाने जाऊन बघा. तेव्हाही टपटप चालू असेल तर खाली एक पेला ठेवा आणि घड्याळ लावा. तासाला २०० मिलीचा पेला भरला तर दिवसाला जवळपास पाच लिटर आणि महिन्याला १४४ लिटर पाणी मोरीत गेलं. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा आकडा सांगितला की माणसं त्याच दिवशी कार्ट्रिज घेऊन जातात.

आणखी खुणा आहेत. हँडल अचानक जड फिरायला लागतं. गरम-गारचं मिश्रण जमत नाही, एका केसाएवढं सरकवलं की एकदम चटका बसतो. हँडलच्या खालून पाणी झिरपत असेल तर बहुधा आतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, कडक झालेली असते किंवा कार्ट्रिजवरचा नट ढिला असतो. शॉवर चालू असताना खालच्या नळातूनही पाणी येत असेल, तर दोष डायव्हर्टरच्या, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या, बटणाचा आहे. त्याचा आतला भाग वेगळा मिळतो.

कार्ट्रिज म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे प्लंबर 'स्पिंडल' म्हणतो.

गरम-गारला दोन वेगळे नॉब असतील तर प्रत्येकाच्या आत एक पितळी स्पिंडल असतो. एकाच हँडलवर सगळं चालत असेल तर आत प्लॅस्टिकच्या डबीसारखं कार्ट्रिज असतं. काम दोघांचं तेच. आतमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींना चिकटून बसतात, एक स्थिर आणि एक फिरणारी. भोकांसमोर भोकं आली की पाणी सुटतं, सरकली की बंद.

आजोळच्या पितळी नळात वायसर असायचा, चामड्याचा किंवा रबरी. नळ आवळून आवळून तो वायसर चेपायचा आणि मग आणखी जोरात आवळायचा, असा खेळ वर्षानुवर्षं चालायचा. ती सवय हातातून जात नाही. सिरॅमिक चकतीला जोर लागत नाही, तरी लोक हँडल दाबून दाबून बंद करतात आणि आतली प्लॅस्टिकची दांडी मोडून घेतात.

एका हँडलच्या नळाची कल्पना अमेरिकेत आल्फ्रेड मोएन या विद्यार्थ्याला १९३७ मध्ये सुचली, तीही दोन नॉबांच्या नळाखाली हात भाजल्यावर. असा नळ विक्रीला यायला १९४७ साल उजाडलं.

सिरॅमिक एवढं कठीण असतं, मग ते झिजतं कसं?

नुसत्या वापराने फारसं झिजत नाही. त्याला मारते ती रेती.

पुण्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने, आणि पहिल्या दोन बादल्या चहासारख्या. त्या गढूळ पाण्यातला बारीक कण दोन चकत्यांच्या मध्ये सापडला आणि तुम्ही हँडल फिरवलं की चकतीवर ओरखडा उठतो. त्या ओरखड्यातून मग पाण्याला कायमची वाट मिळते. सोसायटीची टाकी धुतल्यावर दोन-तीन दिवसांत दुकानात एकाच इमारतीतले तिघे-चौघे कार्ट्रिज मागायला येतात, हा माझा नेहमीचा अनुभव. पाणी पुन्हा सुरू झालं की आधी बाल्कनीतला किंवा धुण्याचा साधा नळ सोडा, स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. शॉवरला हात नंतर लावा.

दुसरा शत्रू क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी या दोन आकड्यांच्या मध्ये असतं. बादलीला आतून पांढरी कड धरत असेल तर तीच कड कार्ट्रिजच्या रबरांवरही बसते, आणि गरम पाण्याच्या बाजूला जास्त बसते.

दुकानात जाताना काय सांगायचं? कंपनीचं नाव पुरेल का?

नाही पुरत. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत वेगवेगळी कार्ट्रिजं असतात. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुनं काढून कागदात गुंडाळून आणणं. त्या वेळात बाथरूमचं पाणी बंद राहतं, म्हणून दुकान उघडं असताना काम काढा. रविवारी संध्याकाळी नळ उघडून बसलेल्यांचे फोन मी घेतलेले आहेत.

जुनं हातात आलं की बुडाचा व्यास मोजा. एका हँडलच्या मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार मिसळणाऱ्या नळात, ३५ आणि ४० मिलिमीटर ही दोन मापं सर्रास चालतात. वरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नजरेच्या अंदाजावर जाऊ नका, शाळेच्या कंपासमधली पट्टी लावा. मग बुडाकडे बघा. तीन भोकं दिसतील, दोन पाणी आत यायची आणि एक बाहेर जायचं. शेजारी प्लॅस्टिकच्या दोन बारीक खुंट्या असतात, त्यांचं अंतर आणि जागा जुळली पाहिजे. शेवटी वरच्या दांडीची उंची. ती दोन मिलिमीटरने जरी जास्त असली तरी हँडल बसतं, पण खाली फट राहते आणि मग तुम्ही पुन्हा येता.

स्पिंडलवाल्या नळात वेगळी भानगड आहे. पाव फेऱ्यात उघडणारे स्पिंडल डावे आणि उजवे असे येतात, म्हणजे एक घड्याळाच्या दिशेने उघडतो आणि दुसरा उलट. गरमचा आणि गारचा सारखाच समजून दोन एकाच बाजूचे नेले तर एक नॉब उलटा चालेल. दांडीवरच्या खाचांची संख्या मोजा, नाहीतर जुना नॉब बसणार नाही.

कंपनीचंच घ्यावं की लोकल चालेल?

उघड्या मिक्सरला, जिथे पुन्हा खोलणं पाच मिनिटांचं काम आहे, तिथे चांगल्या प्रतीचं लोकल चालतं. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरला मी कंपनीचंच देतो, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. आणि विकत घेण्याआधी नळाचं जुनं बिल शोधा. बऱ्याच कंपन्या नळावर काही वर्षांची वॉरंटी देतात, आणि ती चालू असेल तर माणूस घरी येऊन बदलून जातो.

पाणी कुठून बंद करायचं?

सगळ्या कामात हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. कार्ट्रिज बदलणं वीस मिनिटांचं काम, पण पाणी नीट बंद न केल्याने त्याचा अर्धा दिवस होतो.

पहिल्यांदा बाथरूममध्येच बघा. कन्सील्ड स्टॉप कॉक असेल तर तो दाराजवळ किंवा गीझरखाली भिंतीत असतो, कधी त्याच्यावर टॉवेलचा हूक लागलेला असतो. तो नसेल तर डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या बोळात, आपल्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह. तोही सापडला नाही तर गच्चीवर टाकीजवळ. गच्चीवर जाताना वॉचमनला किंवा सोसायटीतल्या जुन्या माणसाला सोबत घ्या. व्हॉल्व्हवर रंगवलेल्या नंबरांवर माझा भरवसा नाही. आमच्याच इमारतीत मी '३०२' लिहिलेला व्हॉल्व्ह बंद करून खाली आलो, तर आमच्याकडे पाणी जोरात चालू आणि समोरच्या काकू डोक्याला शिकेकाई लावलेल्या अवस्थेत दारात उभ्या. तेव्हापासून बंद केल्यावर आधी घरात फोन करून विचारतो, "थांबलं का?"

आता गरम बाजू. गार पाणी बंद केलं म्हणजे सगळं बंद झालं असं धरून चालू नका. मिक्सरला गरम पाण्याची वेगळी लाइन येते आणि ती गीझरमधून येते. गीझरला पाणी देणारा अँगल कॉकही बंद करा. त्याआधी गीझरचं बटण बंद करा आणि टाकीतलं गरम पाणी काढून टाका, म्हणजे सरळ आंघोळ उरकून घ्या, नळाला गार पाणी येईपर्यंत. टाकीचा गीझर बंद केला तरी पाणी कित्येक तास कढत राहतं. गॅस गीझर असेल तर गॅसचा कॉक बंद केलाच पाहिजे, कारण त्यातून पाणी वाहायला लागलं की तो आपोआप पेटतो.

सगळं बंद केल्यावर खालचा नळ उघडा, हँडल गरमकडे आणि गारकडे दोन्हीकडे फिरवा. पाण्याची धार बारीक होत थांबली पाहिजे. थांबत नसेल, सुतासारखी धार येतच राहिली, तर व्हॉल्व्हच नीट बंद होत नाही. ते काम आधी.

कोणती हत्यारं लागतात?

अ‍ॅलन की चा संच (बहुतेक ठिकाणी २.५ किंवा ३ मिलिमीटरची लागते), एक फुलीचा आणि एक चपटा स्क्रूड्रायव्हर, नटाच्या मापाएवढं तोंड उघडणारा पाना. घरातला सायकलचा छोटा पाना पुरत नाही. जुना दातांचा ब्रश, दोन फडकी, सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी. पाइप पाना शक्यतो नकोच, त्याचे दात क्रोमवर कायमचे उठतात.

प्रत्यक्ष बदलायचं कसं?

सुरुवात मोरीच्या जाळीपासून. तिच्यावर फडकं दाबून ठेवा. हँडल दांडीला धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा असतो आणि ओल्या बोटांतून सुटला की थेट जाळीकडे धावतो.

हँडलच्या पुढे किंवा खाली लाल-निळ्या ठिपक्याची बारीक टिकली दिसेल. नखाने किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती अलगद उचका. आत ग्रब स्क्रू आहे. तो पूर्ण काढायची गरज नसते, दोन-तीन फेरे ढिला केला की हँडल सरळ ओढून निघतं. त्याच्या खाली वाटीसारखं चकचकीत झाकण असतं, ते आट्यांचं असतं. ओल्या हाताने घसरतं, म्हणून भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून फिरवा. कन्सील्ड डायव्हर्टरमध्ये भिंतीवरची मोठी प्लेट आणि नळकांडंही ओढून काढावं लागतं. प्लेटच्या कडेला कुणी सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट भरलं असेल तर ब्लेडने आधी कापून घ्या, नाहीतर टाइलचा टवका जातो.

आता पितळी नट दिसतो. तो काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा, यावेळी खरोखर उपयोगी पडतो. नट घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पहिला झटका जड जातो. उघडा मिक्सर असेल तर दुसऱ्या हाताने त्याचं धूड घट्ट धरा, नाहीतर सगळा जोर भिंतीतल्या जोडांवर जातो.

नट निघाला की कार्ट्रिज दांडीला धरून सरळ बाहेर ओढा. थोडं पाणी गळेल, ते पाइपमध्ये उरलेलं. आतली बैठक बघा. तिथे काळपट चिकट थर, रेती, कधी जुन्या टेफ्लॉनचे धागे असतात. ब्रशने घासा, फडक्याने पुसा, बोट फिरवून बघा. बोटाला खडबडीत लागता कामा नये.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. नवीन कार्ट्रिज घालण्याआधी लाइन धुवा. भोकासमोर बादली आडवी धरा, बाजूला होऊन उभे राहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी व्हॉल्व्ह दोन-तीन सेकंद किंचित उघडायला सांगा. पाणी सरळ समोर उडतं, म्हणून तोंड समोर नको. आधी गार, मग गरम. बादलीच्या तळाशी जी रेती दिसेल ती तुमच्या नव्या कार्ट्रिजमध्ये जाणार होती.

नवीन कार्ट्रिजच्या बुडाची रबरं जागेवर आहेत ना ते बघा, पाकिटात ती निसटून पडलेली असतात. त्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, नुसतं चकाकण्याइतपत. खुंट्या बैठकीतल्या भोकांसमोर आणून दाबा. बसलं की हलकं 'टक' जाणवतं आणि कार्ट्रिज डावी-उजवीकडे डुलत नाही. डुलत असेल तर नट लावू नका, खुंट्या मोडतील. नट आधी हाताने, आटे वाकडे जात नाहीत ना बघत, आणि मग पान्याने साधारण पाव फेरा.

हँडल लावण्याआधी चाचणी घ्या. दांडी बंद स्थितीत ठेवून गारचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा, मग गीझरचा. कोरड्या टिश्यूचा तुकडा नटाभोवती फिरवा. कोरडा राहिला तर झाकण आणि हँडल चढवा. गीझरचं बटण मात्र गरम बाजूने भरघोस पाणी यायला लागल्यावरच लावा, टाकी रिकामी असताना नाही.

टेफ्लॉन टेप कुठे गुंडाळायची?

कुठेच नाही. इथे पाणी रबर अडवतं, आटे नाही. उलट टेपचा तुटलेला धागा आत गेला की तोच पुढच्या गळतीचं कारण ठरतो.

ग्रीसऐवजी खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन?

नको. तेलाने बरीच रबरं फुगतात आणि हँडल महिन्याभरात जड होतं.

कार्ट्रिज अडकलंय, निघतच नाही.

क्षार धरलेला असतो. कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं भोकात कोंबून अर्धा तास ठेवा, मग दांडी आळीपाळीने दोन्ही बाजूंना किंचित फिरवत ओढा. ओढताना दांडी तुटली तर घाबरू नका, कडेने चपट्या स्क्रूड्रायव्हरने थोडं थोडं उचलता येतं, फक्त टोक पितळी बैठकीवर टेकवू नका. तिथे चर पडला तर पुढे कुठलंही कार्ट्रिज घाला, गळतच राहील. संडास-बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड या कामाला कधीही वापरू नका. क्रोम काळं पडतं आणि पितळ खातं ते वेगळंच.

ग्रब स्क्रूची खाच गोल झाली, अ‍ॅलन की आत नुसतीच फिरते.

गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी थोडी मोठी, चांदणीच्या टोकाची की हलक्या हातोडीने ठोकून बसवा आणि फिरवा. तरी नाही निघाला तर प्लंबर ड्रिलने काढतो. नवा स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या.

नवीन टाकलं तरी गळतंय!

दुकानात हे वाक्य रागाने ऐकवलं जातं आणि दर वेळी माझाच माल खराब असतो. खोलून पाहिलं की बहुतेकदा तीनपैकी एक निघतं. बुडाच्या रबराखाली रेतीचा कण, खुंट्या भोकात न बसता वरच टेकलेल्या, किंवा नट इतका आवळलेला की चकत्या दबून हँडल दगडासारखं झालंय. पुन्हा काढा, धुवा, बसवा. हे तिन्ही नसेल तर बैठकीवर टॉर्च मारा. बारीक चर किंवा हिरवट खड्डे दिसले तर नळाचं धूडच गेलं आहे.

गारच्या नळाला कोमट पाणी येतं. हे कार्ट्रिजमुळे का?

असू शकतं, पण आधी हँड शॉवर तपासा. काही जण मिक्सर उघडा ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या खटक्यावर बंद करतात. मग मिक्सरच्या पोटात गरम आणि गार लाइन एकमेकींना मोकळ्या मिळतात आणि ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसरीत घुसते. मिक्सर हँडलनेच बंद करा आणि एक दिवस बघा. तरीही तसंच असेल तर चकत्या मधूनच पाणी सोडत आहेत, कार्ट्रिज बदला.

कार्ट्रिज बदललं की शॉवरचा जोर वाढेल का?

जुनं क्षाराने तुंबलं असेल तर वाढेल. वरच्या मजल्यावर राहत असाल तर फार आशा धरू नका. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो, आणि टाकी शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर असेल तर तुमच्या वाट्याला ०.३ बार येतो. तिथे प्रेशर पंप लागतो. आधी फुकटचा उपाय करा, शॉवरची ताटली काढून तिची भोकं ब्रशने घासा.

भिंतीला ओल आली आहे. कार्ट्रिज बदलून थांबेल?

हँडलमागून झिरपणारं पाणी प्लेटच्या आत उतरत असेल तर थांबेल. प्लेट काढून टॉर्च मारा आणि नटाजवळ ओलं आहे का बघा. नट कोरडा आणि भिंत ओली असेल तर पाइप किंवा जोड गळतोय. तिथे हात घालू नका, प्लंबर बोलवा, आणि खालच्या मजल्यावरचे छताचा फोटो घेऊन यायच्या आत बोलवा.

भाड्याचं घर आहे. खर्च कोणी करायचा?

करारनाम्यात काय लिहिलंय ते पाहा. माझा सल्ला म्हणाल तर कार्ट्रिज काही शे रुपयांचं असतं, मालकाला आधी मेसेज टाका, बिलाचा फोटो पाठवा आणि भाड्यातून वजा करा. न विचारता बदललं तर जाताना "जुना नळ चांगला होता" हे ऐकावं लागतं.

जुनं कार्ट्रिज फेकून द्यायचं का?

आठ दिवस थांबा. नवीन नीट चाललं तर जुन्याच्या रबरी रिंगा काढून ठेवा, पाकिटावर माप आणि तारीख पेनाने लिहा, आणि पाकीट गीझरच्या बिलासोबत ठेवून द्या. पुढच्या वेळी मला फोटो दाखवायच्या ऐवजी ते पाकीट दाखवा.